काहीच न वाहणारी तार

लेथच्या मोटरकडे जाणारी केबल सोलली की आत लाल, पिवळी आणि निळी अशा तीन तारा दिसतात. त्या तीन फेज. त्यांतली एक जरी तुटली तरी मोटर घुमायला लागते, तापते, जळका वास येतो आणि थोड्याच वेळात सगळ्या शेडला कळतं की काहीतरी बिघडलंय. चौथी, अर्थिंगची तार हिरवी असते. ती मोटरच्या गुंडाळीपर्यंत जातच नाही. यंत्राच्या बाहेरच्या लोखंडावर एका बोल्टखाली संपते. तिच्यातून कामाची वीज कधी वाहत नाही. ती तुटली, सुटली, गंजली, कुणी कापून नेली, तरी लेथ तसाच फिरतो, जॉब तसाच उतरतो आणि संध्याकाळी तेवढेच नग मोजून होतात.

यंत्राचा दुसरा कुठलाही भाग असा नाही. बेअरिंग गेलं की आवाज बदलतो, पट्टा सैल पडला की घसरतो, हत्यार बोथट झालं की कातलेल्या लोखंडाचा पोतच ते सांगतो. ज्याचं नसणं लगेच जाणवतं त्याची काळजी माणूस आपसूक घेतो. हिरव्या तारेचं नसणं मात्र दुसरं काही बिघडेपर्यंत जाणवत नाही. मोटरच्या गुंडाळीवरचं इन्सुलेशन फाटतं, उंदीर केबल कुरतडतो, टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरतं आणि एखादी फेज सांगाड्याला टेकते. त्या घटकेला ती तार जागेवर असली तर माणूस वाचतो. तिचं सगळं काम त्या सेकंदाच्या अंशात होतं. म्हणून कारखान्यातली सुरक्षित वीज हा मला नुसता केबलच्या जाडीचा आणि स्विचच्या दर्जाचा प्रश्न वाटत नाही. जे नाही ते वेळेत कसं ओळखायचं, ही त्यातली खरी अडचण आहे.

लोखंड कातणाऱ्या माणसापुढे ही अडचण आली ती सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी. त्याआधी कारखान्यात एकच वाफेचं इंजिन असे. छताखालून लांबलचक शाफ्ट फिरे आणि त्यावरून एकेका यंत्राकडे चामड्याचा पट्टा उतरे. त्या पट्ट्यांनी कितीकांचे हात नेले. पण पट्टा दिसत होता, त्याची फडफड ऐकू येत होती, कपड्याचा सोगा आवरून घ्यावा हे नवख्यालाही उमजत होतं. १८८९ मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाइल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजवर चालणारी, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर बनवली. १८९१ मध्ये लाउफेनला नेकार नदीच्या पाण्यावर तयार झालेली तीन फेजची वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली. ब्रश नाही, ठिणगी नाही, अशी ही दणकट मोटर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र बसवता येऊ लागली आणि छताखालचा शाफ्ट हळूहळू उतरला. आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी मुंबईच्या गिरण्या चालवू लागलं. धोका मात्र पट्ट्याबरोबर गेला नाही. तारेत वीज आहे की नाही हे डोळ्यांना, कानांना, नाकाला कळत नाही. कळतं ते फक्त कातडीला, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. १९४३ मध्ये विजेच्या धोरणाचा विचार करणाऱ्या समितीपुढे त्यांनी मांडलं ते असं, की भारताला वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, कारण औद्योगिकीकरणाशिवाय इथल्या माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. मजूर आणि वीज हे दोन विषय एकाच खात्यात असावेत, यात मला फार मोठं शहाणपण दिसतं. विजेचा विचार तिला रोज हात लावणाऱ्या माणसापासून तोडला की तो नुसता मेगावॉटचा हिशेब होतो. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, सातपूरला, इचलकरंजीच्या मागांवर जी वीज पोचली आहे ती याच दिशेनं आलेली आहे. पण ती पोचली चार-सहा माणसांच्या शेडमध्ये. तिथे विजेचं काम पाहायला वेगळा इंजिनिअर नसतो. बोलावल्यावर येणारा वायरमन असतो, आणि त्याला काही बंद पडल्यावरच बोलावतात. हिरवी तार तुटल्यानं तर काहीच बंद पडत नाही.

उद्यमनगरातल्या अशाच एका शेडमध्ये, दसरा नुकताच होऊन गेला होता तेव्हा, मी एका ओळखीच्या वायरमनबरोबर गेलो होतो. काम वेगळंच होतं, नव्या ड्रिलिंग मशीनची जोडणी. जाता जाता वायरमननं लेथवरच्या वयस्कर टर्नरना विचारलं, ‘मामा, मशीन करंट मारतंय काय ओ?’

‘करंट न्हाई, नुसतं झिणझिण करतंय. फळीवर उभारलं की काय न्हाई बघा.’

लेथपुढे खरोखरच एक लाकडी फळी टाकलेली होती. तेलानं काळी झालेली, दोन पावलांच्या जागी झिजलेली. वायरमननं लेथच्या बेडला टेस्टर टेकवला. आतला निऑन मंद लाल पेटला. मालक जवळच होते. त्यांना ते पटेना. ‘अर्थिंग हाय की. गेल्या सालीच नवा खड्डा काढलाय. कोळसा, मीठ, पत्रा, सगळं रीतसर घातलंय.’ त्यांचं म्हणणं खरं होतं. खड्डा होता, वर फनेल होतं, खड्ड्यातून निघालेली जीआय पट्टी भिंतीच्या कडेनं लेथपर्यंत आलेली होती, बोल्ट आवळलेला होता. मेन स्विच पाडून वायरमननं मीटरचं एक टोक पट्टीला आणि दुसरं लेथच्या बेडला लावलं. दोन्हींमध्ये काही संबंधच नव्हता. बोल्ट खोलल्यावर कारण दिसलं. पट्टीच्या टोकाखाली गुळगुळीत, चकचकीत हिरवा ऑइल पेंट होता. खंडेनवमीच्या आधी लेथ धुऊन, घासून, नवा रंग दिला होता. रंगवताना पट्टी सोडली आणि रंग वाळल्यावर पुन्हा आवळली. बोल्टच्या भोकातल्या आट्यांमध्येही रंग भरला होता, बोल्ट गंजका होता, त्यामुळे तीही वाट उरली नव्हती. त्याच धुण्यात कूलंटच्या पंपाच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरलं होतं. मेगरनं ५०० व्होल्टवर तपासलं तेव्हा पंपाचं इन्सुलेशन जवळजवळ शून्य निघालं.

पुढचं काम थोडक्यात आटोपलं. बॉक्स सुकवला, झाकणाची गॅस्केट बदलली, फाइलनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर घालून नवा बोल्ट बसवला. वीज चालू केल्यावर टेस्टर विझलेलाच राहिला. तरी मामांनी लेथला आधी हाताची पालथी बाजू लावून पाहिली, मग तळवा.

हा पालथा हात ज्यानं त्यांना शिकवला त्याला शरीरशास्त्र ठाऊक नसेल, पण गोष्ट अचूक आहे. विजेच्या धक्क्यानं हाताचे स्नायू आखडतात आणि बोटं मिटतात. तळव्यानं धरलेलं असेल तर पकड उलट घट्ट होते; पालथा हात मात्र यंत्रापासून दूर ओढला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधले चार्ल्स डाल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात स्वखुशीनं पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून हाच उंबरठा मोजला: किती करंटपर्यंत माणूस स्वतःच्या इच्छेनं हात सोडवू शकतो? पुरुषांची सरासरी आली सुमारे १६ मिलिॲम्पियर, स्त्रियांची सुमारे साडेदहा. शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून चारशेहून अधिक मिलिॲम्पियर जातात, हे शेजारी ठेवलं की आपण किती नाजूक आहोत ते कळतं. ऑस्ट्रियाचे गॉटफ्रिड बीगेलमायर यांनी तर असे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. आज कारखान्याच्या पॅनेलमध्ये बसणाऱ्या संरक्षक उपकरणांवरचे आकडे अशा माणसांच्या अंगावरून आलेले आहेत. ते आकडे वाचताना मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं.

मामांची फळी चूक होती का? लाकूड कोरडं असेल तर ते खरंच अडवतं. पण ती फळी वाचवते फक्त तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला, तोही उभा असेपर्यंत. ओल्या फरशीवरून येऊन लेथवर हात टेकणारा हेल्पर तिच्या हिशेबात नाही. शिवाय तिचा आणखी मोठा दोष असा, की ती बिघाडाची खूण पुसते. झिणझिण हा यंत्रानं दिलेला निरोप होता. फळी टाकल्यावर तो निरोप पोचायचा थांबला आणि बिघाड तसाच राहिला.

इथे मला भाट्ट मीमांसकांची आठवण होते. सातव्या शतकाच्या सुमाराला कुमारिल भट्टांनी, आणि पुढे त्यांच्या परंपरेनं, एक प्रश्न फार गांभीर्यानं घेतला. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला होतं कशानं? डोळ्यांना जमीन दिसते. नसलेला घडा काही दिसू शकत नाही. म्हणून त्यांनी प्रत्यक्ष, अनुमान वगैरे पाच प्रमाणांच्या जोडीला अनुपलब्धि हे सहावं प्रमाण मानलं. अद्वैत वेदान्त्यांनी ते स्वीकारलं. नैयायिकांनी आणि प्राभाकरांनी नाकारलं. पण शतकानुशतकं चाललेल्या त्या वादातून एक अट लख्ख होऊन पुढे आली. वस्तू न दिसणं हा ती नसल्याचा पुरावा केव्हा? तर ती असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं ठरत नाही. योग्यानुपलब्धि ती हीच.

कारखान्यात वारंवार कानावर पडणारं वाक्य या अटीवर घासून पाहावं: ‘इतकी वर्षं असंच चाललंय, कुणाला काही झालं नाही.’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण दोष असता तर तो कळला असता का? फळी, रबरी सोलची चप्पल, उन्हाळ्यातली कोरडी फरशी, तेलकट कोबा, हे सगळं त्या खोलीतला काळोख आहे. त्या काळोखात काही जाणवलं नाही, एवढंच त्या वाक्यातून सिद्ध होतं. जुलैत पत्र्याखालून पाणी आत आलं, फरशी ओली झाली, माणूस घामाघूम झाला, की खोलीत उजेड पडतो. तो उजेड एखाद्या माणसाच्या जिवावर पडू नये म्हणून आपण मुद्दाम, आधीच, दुसरा उजेड नेला पाहिजे. मेगर, मल्टिमीटर, अर्थ टेस्टर ही साधनं हेच करतात. दोष असता तर काटा हललाच असता, अशी परिस्थिती ती तयार करतात. मगच काट्याच्या न हलण्याला काही किंमत येते.

वैशेषिकांनी अभावाचे प्रकारही केले होते. त्यांतले दोन इथे फार उपयोगी आहेत. वस्तू निर्माण होण्याआधीचं तिचं नसणं म्हणजे प्रागभाव, आणि होऊन नष्ट झाल्यानंतरचं नसणं म्हणजे प्रध्वंसाभाव. नवं यंत्र आलं, अर्थिंग अजून जोडायचं आहे: हा पहिला. तो उघडा असतो, सगळ्यांना ठाऊक असतो, कुणीतरी बोलूनही दाखवतं. उद्यमनगरातल्या लेथचा होता तो दुसरा, आणि मला तो कितीतरी जास्त घातक वाटतो. त्याच्याभोवती पूर्वीच्या असण्याच्या सगळ्या खुणा शाबूत असतात: पट्टी, बोल्ट, खड्डा, खड्ड्यासाठी मोजलेले पैसे, मालकांची प्रामाणिक खात्री. यंत्राला देव मानून मनापासून केलेल्या सेवेतच ती वाट बुजली होती. खंडेनवमीला यंत्र धुऊ नये, रंगवू नये, असं मी मुळीच म्हणणार नाही; वर्षातून एक दिवस यंत्र थांबवून त्याच्याकडे नीट पाहणारी आपली रीत मला प्रिय आहे. त्याच दिवशी, यंत्र थांबलेलं असतानाच, एकेक बोल्ट खोलून खालचं लोखंड पाहता येतं. पूजेला एवढी जोड द्यायला हवी.

आता पट्टी नीट जोडली, खड्डाही चांगला आहे, म्हणजे झालं का? इथे एक समजूत आड येते आणि ती भल्याभल्यांची असते. अर्थिंगमुळे करंट जमिनीत जातो आणि तिथे विरून जातो, असं आपण शाळेपासून ऐकतो. वीज जमिनीत विरत नाही. ती जिथून निघाली तिथे, म्हणजे डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे, परत जायची वाट शोधते. त्या न्यूट्रललाही खांबापाशी अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून जमिनीतून वाट मिळते. पण ही वाट मातीची आहे, तांब्याची नाही. शेडच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरू, ट्रान्सफॉर्मरकडचा ३ ओहम. एकूण ८. फेजचा दाब २४० व्होल्ट. फेज सांगाड्याला पूर्ण टेकली तर करंट वाहील ३० ॲम्पियर. लेथच्या फीडरवर ३२ ॲम्पियरचा ब्रेकर असेल तर त्याच्या दृष्टीनं काहीच घडलेलं नाही. तो पडणार नाही. आणि ३० ॲम्पियर शेडच्या ५ ओहममधून जाताना लेथचा सांगाडा दूरच्या जमिनीच्या तुलनेत १५० व्होल्टवर जाऊन उभा राहील. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. हिशेब करायला कागद लागत नाही. दरम्यान तासाला सात युनिट वीज मातीला तापवत राहील आणि मीटर ती मालकांच्या बिलात चढवेल.

म्हणजे कोळसा-मीठ घालून, उन्हाळ्यात फनेलातून पाणी ओतून सांभाळलेला उत्तम खड्डाही एकट्यानं पुरा पडत नाही. त्याला जोड दोन तऱ्हांनी देता येते. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या मोठ्या कारखान्यात हिरवी तार थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत धातूनंच जोडलेली असते. रोध ओहमच्या अंशावर येतो, बिघाडात शेकडो ॲम्पियर वाहतात आणि ब्रेकर क्षणात पडतो. खांबावरून जोडणी घेतलेल्या छोट्या शेडला ही सोय सहसा नसते. तिथे हवं ते गळतीवर नजर ठेवणारं उपकरण, आरसीसीबी किंवा बोलीतलं ईएलसीबी. त्याची कल्पना इतकी साधी आहे की तिचा आनंद वाटतो. सगळ्या फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी कड्यातून ओवलेले असतात. गेलेली वीज तेवढीच परत आली तर बेरीज शून्य, कडं शांत. कुठे तरी, सांगाड्यातून किंवा माणसातून, थोडी वीज दुसऱ्याच वाटेनं गेली की बेरीज शून्य राहत नाही, कड्यात चुंबकत्व जागं होतं आणि स्विच पडतो. मघाच्या हिशेबात जे ३० ॲम्पियर ब्रेकरला दिसत नव्हते, त्यांचा हजारावा भाग, ३० मिलिॲम्पियर, याला दिसतो, आणि तोही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये घरगुती वापरासाठी याच तत्त्वावर, पण त्याहूनही हळवं, ५ मिलिॲम्पियरला तुटणारं उपकरण सिद्ध केलं. युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींमध्ये त्याआधीच्या दशकात त्या दिशेनं काम सुरू झालेलंच होतं.

छोट्या शेडमध्ये हे उपकरण सर्वांत आधी लागायला हवं ते हातात धरून चालवायच्या हत्यारांच्या सॉकेटवर. लेथ जागचा हलत नाही. ग्राइंडर आणि हँड ड्रिल यांच्या केबली दिवसभर ओढल्या जातात, पायाखाली येतात, गरम किसावरून फरफटतात. थ्री-पिन प्लगची अर्थची पिन मुद्दाम इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड केलेली असते, म्हणजे आत जाताना ती आधी जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी. एवढा विचार ज्यानं केला त्याच्या कामावर आपण पाणी ओततो. प्लग तुटला की दोन तारांची टोकं काड्या खोचून सॉकेटात अडकवतो. हिरवी तिसरी तार तेव्हा हवेत असते, किंवा गुंडाळून टेप मारलेली. ग्राइंडर तरीही फिरतो. सीएनसी आणि ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरींचा प्रश्न थोडा वेगळा. त्यांच्या फिल्टरमधून मुळातच थोडी गळती होत असल्यानं ३० मिलिॲम्पियरचं उपकरण विनाकारण पडत राहतं. तिथे १०० किंवा ३०० मिलिॲम्पियरचं, त्या ड्राइव्हला साजेशा प्रकारचं निवडावं लागतं, आणि जाणत्याला विचारूनच. वैतागून ते काढून टाकणं आणि तारा सरळ जोडणं, हे होताना मी पाहिलं आहे. त्याची मला भीती वाटते.

नसण्याला ओळखणारी आणखी एक वस्तू प्रत्येक स्टार्टरमध्ये असते आणि तिच्याकडेही फारसं कुणी पाहत नाही. ती म्हणजे नो-व्होल्ट कॉइल. हिरवं बटण दाबलं की ही कॉइल स्टार्टरचे कॉन्टॅक्ट ओढून धरते आणि बटण सोडल्यावरही धरून ठेवते. लाईट गेली की तिच्यातलं बळ जातं, कॉन्टॅक्ट सुटतात. लाईट परत आली तरी ते आपोआप मिटत नाहीत. कुणीतरी जाणतेपणानं पुन्हा बटण दाबावं लागतं. हे कशासाठी, ते भारनियमनाची वर्षं ज्यांनी शेडमध्ये काढली त्यांना सांगायला नको. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात दिवसातले कित्येक तास वीज जात असे. लाईट गेली की माणूस यंत्र थंड पडलं असं समजून चकात हात घालतो, अडकलेला जॉब सोडवतो, कीस ओढून काढतो. त्या वेळी वीज परत आली आणि स्टार्टर मिटलेलाच असला तर? ही कॉइल विजेचं जाणं लक्षात ठेवते, म्हणून तो हात राहतो. हिरवं बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेले स्टार्टर मात्र मी पाहिलेत. दर वेळी उठून बटण दाबायचा कंटाळा, एवढंच त्यामागचं कारण. शेतीपंपांना लावलेला ऑटोस्विच हा त्याचाच भाऊ. वीज आल्यावर सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार येतो, म्हणून महावितरण तो काढून कपॅसिटर बसवायला वेळोवेळी सांगत आलं आहे. रात्री विहिरीच्या काठावर, अंधारात, पंपाशी झटणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्या सूचनेत रोहित्राच्या पलीकडचंही काही आहे.

विजेच्या सुरक्षिततेचे आपले नियम कोरडे वाटतात, पण त्यांतल्या एका कलमावर मी पुष्कळ विचार केला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, आणि नंतर त्यांची जागा घेतलेल्या नियमावलीतही, मोटरच्या सांगाड्याला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र आणि वेगळ्या जोडण्या हव्यात असं म्हटलं आहे. एक तार पुरत नाही म्हणून दोन, असं नाही. बिघाडाचा करंट वाहून न्यायला योग्य जाडीची एक तारसुद्धा समर्थ असते. दोन हव्यात कारण एक तुटलेली कळत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी ही तार गुपचूप नाहीशी होते हे गृहीत धरलं होतं. उद्यमनगरातल्या लेथला दुसऱ्या बाजूनं आणखी एक पट्टी, वेगळ्या बोल्टवर, दिलेली असती, तर रंगाचा तो थर निरुपद्रवी ठरला असता.

पण या उपायातही तोच पेच पुन्हा उभा राहतो. दोघींपैकी एक सुटली तर आता आधीपेक्षाही कमी कळतं. पूर्वी निदान झिणझिण तरी होत होती. आता दुसरी पट्टी सगळं सांभाळून घेते, टेस्टर विझलेला राहतो, मामांच्या पालथ्या हाताला काही लागत नाही. दोन पट्ट्यांचा लेथ नकळत एका पट्टीचा होतो आणि तसाच वर्षानुवर्षं चालतो. दोन्ही जोडलेल्या ठेवून मोजलं तर मीटरही चांगलंच दाखवणार, कारण वाट तर आहेच. आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबावं, पण त्यानं परीक्षा होते ती त्या उपकरणाची. पट्टीबद्दल ते अवाक्षर बोलत नाही. म्हणून पट्ट्यांच्या तपासणीची रीत वेगळी आहे. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, मग एक पट्टी लेथवरून पूर्ण सोडायची आणि एकट्या दुसरीचा रोध मोजायचा. पहिली जोडून, खालचं लोखंड उघडं असल्याचं पाहून, दुसरी सोडायची आणि एकट्या पहिलीचा मोजायचा. दोन आकडे तारखेसह वहीत लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी आकडा वाढला की नाही हे दिसेल. खड्ड्याचा रोध मोजायचा असेल तर तो मे महिन्यात, माती सर्वांत कोरडी असताना मोजावा. पावसाळ्यात कुठलाही खड्डा चांगलाच दिसतो.